काँटेसाचे हरवलेले घोडे

आमच्या घरात दोन भाषा आणि एक काँटेसा गुण्यागोविंदानं नांदतात. मी मूळचा बेळगावचा, मराठी, सौ. धारवाडची, कन्नड, आणि गाडी अप्पांची, 1993 सालची. अप्पा गेल्यावर दोन वर्षं ती हुबळीच्या आमच्या अंगणात ताडपत्रीखाली उभी होती. गेल्या वर्षी तिला बाहेर काढली आणि सगळे अंकोल्याला निघालो. जाताना काही जाणवलं नाही. परतीला अरबैल घाट चढताना मात्र बाईसाहेब दुसऱ्या गियरमध्येच धापा टाकू लागल्या. लाकडानं भरलेला ट्रक हॉर्न देत पुढे गेला!

मुलगा इंजिनिअरिंगला आहे. तो म्हणाला, "बाबा, हिला मसल कार म्हणतात? सायलेन्सर काढून रुंद पाइप लावू, पॉवर वाढेल."

मसल कार हे खरं अमेरिकेचं वेड. तिथली 1964 ची पाँटिअॅक जीटीओ 6.4 लिटर इंजिनाची, 325 अश्वशक्तीची. आपली काँटेसा 1984 मध्ये आली ती इंग्लंडच्या व्हॉक्सहॉलचं अंग आणि अॅम्बेसेडरचं 1489 सीसीचं इंजिन घेऊन. घोडे जेमतेम 50. पैलवानाच्या अंगरख्यात शाळकरी पोर! पुढे इसुझुचं 1.8 लिटरचं इंजिन आलं तेव्हा कुठे 88 झाले. 2002 मध्ये गाडीचं उत्पादनच थांबलं. आमची गाडी इसुझुवालीच. म्हणजे मुळात 88 घोडे होते. त्यातले उरले किती, हा प्रश्न होता.

गोकुळ रोडच्या बाजूला एक वयस्क मेस्त्री आहेत. मुलाचा बेत ऐकून ते हसले. "तम्मा, मोदल गाडी उसिराडबेको." आधी गाडीला श्वास घेता आला पाहिजे. प्लग काढून त्यांनी चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजलं. तीन सारखे, चौथा फारच कमी. तिथला व्हॉल्व्ह नीट बसत नव्हता, त्यामुळे दाब निसटत होता. इग्निशनचं टायमिंग मागे पडलेलं. सायलेन्सर आतून गंजून निम्मा तुंबलेला. जळका वायू बाहेर पडला नाही तर ताजी हवा आत येणार कुठून?

"मग रुंद पाइपच बरा," मुलानं हट्ट धरला. मेस्त्रींनी समजावलं: पाइप गरजेपेक्षा रुंद झाला की वायूचा वेग मंदावतो आणि कमी आरपीएमची ओढ जाते. घाटात तीच लागते. शिवाय एक्झॉस्ट मोकळा केला की कार्बोरेटरचे जेटही बघावे लागतात. नाहीतर हवा जास्त, पेट्रोल कमी. इंजिन तापतं, व्हॉल्व्ह जळतात. चार वेगळ्या नळ्यांचा हेडर बसवला तर एका सिलिंडरचा वायू दुसऱ्याच्या वाटेत येत नाही आणि थोडी शक्ती वाढते, हे खरं. पण आजारी इंजिनाला तो कशाला? कायद्याचंही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीच्या मूळ नोंदीशी विसंगत फेरफार चालत नाहीत. इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी लागते.

व्हॉल्व्हला पेस्ट लावून घासायचं काम मेस्त्रींनी मुद्दाम मुलाच्या हाती दिलं. हत्यारं शोधताना त्याला डिकीत अप्पांची वही सापडली. टॅपेटचं अंतर, प्लगचा गॅप, सगळं लिहिलेलं. हिशेब मराठीत, मेस्त्रींनी सांगितलेलं कन्नडमध्ये. शेवटची नोंद होती, "चौथा सिलिंडर. व्हॉल्व्ह दाखवणे." अप्पांना दुखणं कळलं होतं. मी ती वही कधी उघडलीच नव्हती. मुलानं ती वाचून दाखवली तेव्हा मला काही बोलता आलं नाही.

व्हॉल्व्ह बसले, टायमिंग लागलं, मूळ मापाचा नवा सायलेन्सर आला. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, म्हणून पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्याही बदलल्या.

गेल्या महिन्यात पुन्हा अरबैल चढलो, तिसऱ्या गियरमध्ये, गडबड न करता. मुलगा म्हणाला, "आवाजच नाही!" मी म्हटलं, उथळ पाण्याला खळखळाट फार. मागच्या सीटवरून सौ. म्हणाली, "तुंबिद कोड तुळुकोदिल्ल." भरला घडा हिंदकळत नाही.

वही आता मुलाच्या ताब्यात आहे. नोंदी दोन्ही भाषांत चालू आहेत.