बेटाची वाऱ्याआडची बाजू

बेटाला चारही बाजूंनी समुद्र असतो, पण चारही बाजूंचा समुद्र सारखा नसतो. खोली कितव्या मजल्यावर आणि गॅलरीतून काय दिसते, याआधी हॉटेल बेटाच्या कोणत्या अंगाला आहे ते पाहायचे असते. मराठी माणसाला हा प्रश्न सहसा सुचत नाही. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून उभा आहे; सूर्य समुद्रातच बुडायचा, वारा तिकडूनच यायचा आणि पावसाळ्यात समुद्र सगळीकडे एकदमच खवळायचा. काशीद घ्या की गुहागर, दिशा बदलत नाही. बेटावर मात्र दहा मैलांच्या अंतरात एकीकडे लाटा कड्यावर आपटत असतात आणि दुसरीकडे पाणी तळ्यासारखे पडून असते.

कारण शाळेच्या भूगोलातलेच आहे. उत्तर गोलार्धात व्यापारी वारे ईशान्येकडून वाहतात. शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधल्या आपल्या कुटुंबांची नेहमीची बेटे, म्हणजे कॅरिबियन आणि हवाई, या वाऱ्यांच्या पट्ट्यातच येतात. साहजिकच बेटाची पूर्व आणि ईशान्य बाजू लाटा झेलते, पश्चिम बाजू आडोशाला राहते. कॅरिबियनमधली नावाजलेली शांत पुळण नकाशावर शोधली तर हे लगेच दिसते: जमैकाचे नेग्रिल पश्चिमेला, ग्रँड केमनचा सेव्हन माइल बीच पश्चिमेला, अरुबाचे ईगल बीच आणि पाम बीच पश्चिमेला, बार्बाडोसची महागडी हॉटेले पश्चिमेला. लहान मूल बरोबर असेल तर नकाशावर आधी डावी बाजू पाहावी, हा ढोबळ नियम बहुतेक वेळा फसत नाही.

फसतो तेव्हा कोझुमेलसारखा फसतो. तिथेही हॉटेले पश्चिमेलाच आहेत आणि पाणी काचेसारखे नितळ. पण गावाजवळच्या बऱ्याच पट्ट्यात वाळूच नाही, चुनखडीचे काळे, धारदार खडप आहे. शिडी धरून थेट खोल पाण्यात उतरावे लागते. पाणबुड्यांना ते स्वर्गासमान, चार वर्षांच्या पोराला आणि गुडघे दुखणाऱ्या आजीला निरुपयोगी. वाळू हवी तर बेटाच्या दक्षिणेकडे सरकावे लागते. ‘समुद्रालगत’ आणि ‘पुळणीवर’ हे दोन वेगळे शब्द आहेत. जाहिरातींत ते एकाच अर्थाने वापरले जातात.

पुंता काना हा उलटा अपवाद. डोमिनिकन रिपब्लिकचे ते अगदी पूर्वेचे टोक, म्हणजे नियमाने लाटांच्या तोंडी. तरीही बावारोचा पट्टा पोहण्याजोगा राहतो, कारण समुद्रात थोडे आत प्रवाळाचा बांध आहे आणि लाटा तिथेच फुटतात. उत्तरेला मकाओ आणि उव्हेरो आल्टोकडे हा आडोसा उरत नाही. पाणी उघडे आणि ओढ जोरदार. पॅकेजवर मात्र या सगळ्यांचे नाव ‘पुंता काना’च असते. तान्ह्या-लहानग्यांच्या कुटुंबाने त्याच देशातल्या बायाहिबेचा विचार करावा. ते कॅरिबियन समुद्राच्या अंगाला आहे, विमानतळापासून थोडे लांब पडते, पण पाणी शांत.

पूर्व बाजूचे आणखी एक दुखणे 2011 पासून सुरू झाले आहे. सरगॅसम नावाचे तपकिरी तरंगते शेवाळ अटलांटिकमधून पश्चिमेकडे वाहत येते आणि वाटेतल्या पूर्वाभिमुख किनाऱ्यांवर ढिगाने साचते. ते कुजले की हायड्रोजन सल्फाइड सुटतो. सडक्या अंड्यांचा तो वास समुद्राकडे तोंड केलेल्या सर्वांत महागड्या खोलीत सर्वांत आधी शिरतो. साधारण एप्रिल ते ऑगस्ट हा त्याचा भर. 2025 च्या उन्हाळ्यात तर उपग्रहांच्या मोजणीत त्याने आधीचे विक्रम मोडले. नेपरव्हिलच्या 203 आणि 204 या दोन्ही शाळा-जिल्ह्यांची मोठी सुट्टी नेमकी जून ते ऑगस्टची. तेव्हा कॅनकूनच्या दक्षिणेकडचा किनारा किंवा पुंता काना घेतले तर हॉटेलला सरळ विचारावे: समुद्रात तरंगता अडसर लावला आहे का, आणि शेवाळ रोज किती वाजता उचलतात? ‘हंगामानुसार बदलते’ एवढेच उत्तर आले तर ते नाही असेच धरावे. हॉटेलच्या छायाचित्रांत हे शेवाळ कधी दिसत नाही. पाहुण्यांनी गेल्या वर्षी त्याच महिन्यात काढलेल्या छायाचित्रांत दिसते.

हवाईत दिशेबरोबर महिनाही पाहावा लागतो. पावसाचे गणित महाबळेश्वर आणि पाचगणी ठाऊक असणाऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. हवाईच्या सर्वांत मोठ्या बेटावर वाऱ्याकडच्या हिलोला वर्षाला सुमारे 3200 मिलिमीटर पाऊस पडतो. डोंगरापलीकडच्या कोहाला किनाऱ्यावर काही ठिकाणी 250 मिलिमीटरसुद्धा नाही. पण हिवाळ्यात उत्तर पॅसिफिकमधल्या वादळांच्या प्रचंड लाटा उत्तर किनाऱ्यांवर येऊन आदळतात, आणि त्यांचा व्यापारी वाऱ्यांशी संबंध नाही. कवाई बेटावरचे हनालेई जुलैत आरशासारखे असते, डिसेंबरात तिथे पाण्यात पाऊल टाकणे धोक्याचे. हॉटेल तेच, खोली तीच. नाताळच्या सुट्टीत जायचे तर दक्षिणेचे पोईपू, माउईचे वायलेआ किंवा ओआहूवरचे को ओलिना पाहावे. को ओलिनात खडकांचे बांध घालून चार कृत्रिम खाड्या केल्या आहेत. निसर्गप्रेमींना त्या पाहून नाक मुरडावेसे वाटेल, पण दोन मुले सांभाळत पुळणीवर बसणाऱ्या आईबापांचा जीव तिथे भांड्यात पडतो.

पोर्टो रिको निवडण्यामागे बहुतेक घरांत वेगळे कारण असते: एच-वनचा शिक्का संपलेला असला तरी ओहेअरहून सान हुआनला जाऊन परत येताना व्हिसाचा प्रश्न येत नाही. कारण रास्त आहे. पण सान हुआन उत्तर किनाऱ्यावर आहे, आणि कोंदादोच्या हॉटेलांसमोर उघडा अटलांटिक आहे. तिथली ओढ पट्टीच्या पोहणाऱ्यालाही आत नेते. त्याच वस्तीत बांधाच्या आडोशाला एक छोटी पुळण आहे. मुलांना तिथे न्यावे आणि समोरचा समुद्र गॅलरीतून पाहावा.

हे सांगायचे कारण नेपरव्हिलच्या मुलांचे पोहणे. गावाचा ‘बीच’ म्हणजे सेंटेनिअल बीच, आणि तो चुनखडीच्या जुन्या खाणीत केलेला तलाव आहे. गावाच्या शताब्दीला, 1931 साली, तो सुरू झाला. तिथे लांबच्या लांब पोहणाऱ्या मुलाला लाट आणि ओढ ही भानगड ठाऊकच नसते, आणि आईवडिलांना वाटते की पोराला पोहता येते. म्हणून हॉटेल ठरवताना पुळणीवर जीवरक्षक असतो का आणि निशाण लावतात का, हे विचारावे. फ्लोरिडाच्या पद्धतीत लाल निशाण म्हणजे धोका, दोन लाल म्हणजे पाण्यात जाण्यास बंदी. जांभळे म्हणजे डंख मारणारे जलचर.

भरती-ओहोटीबद्दल, मुलाकडे राहायला आलेल्या एका निवृत्त वाचकांचे टिपण आले आहे. हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला, त्यांचे हॉटेल पूर्व किनाऱ्यावर होते. ओहोटीला पाणी बरेच दूर जाई आणि मागे प्रवाळाचे खडक उरत. पोहायला पश्चिमेच्या राधानगरपर्यंत गाडी करावी लागे. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याचा कोकणी हिशेब कॅरिबियनमध्ये चालेल का, असे त्यांनी विचारले आहे. तो चालत नाही, आणि फारशी गरजही पडत नाही. तिथे भरती-ओहोटीतला फरक बहुतेक ठिकाणी हात-दीड हातांहून जास्त नसतो.

तिथी मात्र दुसऱ्या कामाला येते. ओआहूच्या दक्षिण किनाऱ्यावर, वायकीकीलाही, दर महिन्याला पौर्णिमेनंतर आठ ते दहा दिवसांनी डंख मारणारे बॉक्स जेलीफिश किनाऱ्याशी येतात. हे वेळापत्रक इतके ठरलेले आहे की तिथे त्याच्या तारखा आधीच जाहीर करतात. वायकीकीचे तिकीट काढण्यापूर्वी स्वयंपाकघरातले कालनिर्णय उघडावे आणि साधारण वद्य अष्टमी ते दशमी कधी पडते ते पाहावे. त्या तीन दिवसांत मुलांना हॉटेलच्या तलावातच पोहू द्यावे.

गेल्या खेपेला कबूल केलेला ‘सगळे धरून’ दरांचा आणि रिसॉर्ट फीचा हिशेब यामुळे पुढच्या आठवड्यावर गेला आहे. वाचकांनी आपापली जुनी बिले तोवर शोधून ठेवावीत.