नसलेल्या विमानाचं मोजमाप

बंगळुरूत १९२३ साली एल्लप्पा नावाच्या ड्राफ्ट्समनने कुणीच न पाहिलेली विमानं कागदावर उतरवली. पंडित सुब्बराय शास्त्री संस्कृत श्लोक सांगत गेले, ते लिहून घेतले गेले, आणि त्या वर्णनांवरून शकुन, सुंदर, रुक्म आणि त्रिपुर या विमानांचे आराखडे तयार झाले. ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथासोबत छापली जाणारी चित्रं ती हीच. त्यांच्यावरून आजवर भाषणं झाली, वाद झाले. मुंबईत जानेवारी २०१५मध्ये भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेला, तेव्हा तर देशभर गदारोळ उठला. या सगळ्या गदारोळात एक साधं काम मागे पडलं. ते विमान टेबलावर, हाताने, मापात करून पाहायचं.

काल्पनिक विमानाचं स्केल मॉडेल हा जगभरातल्या मॉडेलकारांचा आवडता प्रकार आहे. कादंबरीतलं विमान, सिनेमातलं विमान, आराखड्यावरच राहून गेलेलं लढाऊ विमान, सगळ्यांची मॉडेलं होतात. वरवर हा फावल्या वेळेचा छंद वाटतो. माझ्या मते ती कल्पनेची उलटतपासणी आहे, आणि यवतमाळसारख्या जिल्ह्याला तिची विशेष गरज आहे.

तान्ह्या पोळ्याचा बैल

विदर्भातल्या मुलाला मॉडेल म्हणजे काय ते शिकवावं लागत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. चाकं लावलेला, रंगवलेला, शिंगांना बेगड चिकटवलेला लाकडी बैल घेऊन मुलं घरोघर जातात आणि बोजारा गोळा करतात. चांगल्या सुताराच्या बैलाचं वशिंड, मान आणि पाय एकमेकांच्या प्रमाणात असतात. वशिंड जरा जास्त झालं तर शेतकऱ्याच्या घरातलं पोरगं ते लगेच ओळखतं, कारण खरा बैल त्याच्या गोठ्यात उभा आहे. काल्पनिक विमानाची अडचण इथेच सुरू होते. ताडून बघायला गोठ्यात काही नाही. मग प्रमाण बरोबर की चूक, हे कशावरून ठरवायचं?

मॉडेलकार त्यासाठी आधी स्केल ठरवतो. १:७२ हे विमानांचं सर्वांत रुळलेलं माप. मॉडेलवरचा एक इंच म्हणजे खऱ्या विमानाचे सहा फूट. इंग्लंडमध्ये १९३०च्या दशकात ‘स्कायबर्ड्‌स’ या लाकडी संचांनी ते लोकप्रिय केलं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलाने शाळकरी मुलांकडून लाखोंच्या संख्येने लाकडी मॉडेलं याच मापात करून घेतली, म्हणजे आकाशातल्या आकृतीवरून आपलं विमान आणि शत्रूचं विमान वेगळं ओळखता यावं. स्केल एकदा ठरलं की कल्पनेची सुटका नाही. या मापात उभा माणूस साधारण अडीच सेंटिमीटरचा होतो. तो दारातून आत शिरला पाहिजे, बसला पाहिजे, आणि त्याला बाहेरचं दिसलंही पाहिजे.

रुक्म टेबलावर येतं तेव्हा

चारही आराखड्यांत मॉडेलसाठी मला रुक्म सर्वांत बोलकं वाटतं. वर निमुळतं होत जाणारं शंकूसारखं धड आणि त्याला हवा खाली ढकलणारे उभे नळ. भारतीय विज्ञान संस्थेतल्या मुकुंद, देशपांडे, नागेंद्र, प्रभू आणि गोविंदराजू या पाच अभ्यासकांनी १९७४मध्ये या ग्रंथाची चिकित्सा केली. ग्रंथ १९०४च्या आधीचा असू शकत नाही आणि त्यातली विमानं उडण्याजोगी नाहीत, हा त्यांचा निष्कर्ष. त्यांनाही त्यातल्या त्यात अर्थ दिसला तो रुक्ममध्येच. वरून पंख्याने हवा ओढून नळांतून खाली सोडायची आणि त्यातून उचल मिळवायची, ही कल्पना निदान तत्त्वाला धरून आहे.

शंकूसाठी यवतमाळात सागवान सहज मिळतं. पण ते जड, आणि त्याचा तेलकटपणा रंगाला नडतो. न उडणाऱ्या मॉडेलला वजनाचं भय नसलं तरी लेथवर कातायला आणि पॉलिश पेपरने घासायला शिवणीचं लाकूड सोयीचं. नळांसाठी बारीक ॲल्युमिनियमची नळी, पाळ्यांसाठी पातळ प्लास्टिकचा पत्रा. जोड पुट्टीने भरायचे, आधी ४०० नंबरचा कागद, मग ६००, मग १०००, आणि त्यानंतर करड्या प्रायमरचा हात. प्रायमर निर्दय असतो. लाकडाच्या रंगात लपलेला प्रत्येक ओरखडा तो उघडा पाडतो.

खरी कसोटी मात्र घासण्याआधीच लागते. चित्रात नळ शंकूला टेकलेला दिसला की पुरतं. मॉडेलमध्ये तो कशाला जोडलाय, हे ठरवावंच लागतं. पंखा फिरवणारं यंत्र कुठे आहे? नळ शंकूच्या आत शिरला तर माणसांना जागा किती उरते? विमान जमिनीवर टेकतं तेव्हा नळांची तोंडं मातीला किती जवळ येतात? कागद फक्त पुढची बाजू मागतो. लाकूड मागची, खालची आणि आतलीही मागतं. एल्लप्पांचा आराखडा हातात घेऊन पहिल्याच संध्याकाळी जे प्रश्न पडतात, ते पन्नास भाषणांतून पडत नाहीत.

रंग म्हणजे विचार

ग्रंथात रुक्मचा रंग सोनेरी सांगितला आहे. सोनेरी रंग सर्वांत फसवा. बाजारातल्या साध्या सोनेरी रंगातले धातूचे कण १:७२ मापात मोठाल्या टिकल्यांसारखे दिसतात आणि विमान क्षणात खेळणं होतं. म्हणून कण अतिशय बारीक असलेला रंग घ्यायचा आणि त्याच्या खाली चकचकीत काळा थर द्यायचा. काळ्यावर सोनेरीला धातूची खोली येते. एअरब्रशने पातळ थर, एकावर एक.

यवतमाळचं हवामानही हिशेबात धरावं लागतं. मे महिन्याच्या उन्हाळ्यात रंग नोझलमधून निघून पृष्ठभागावर पोचेपर्यंत हवेतच वाळतो आणि खरखरीत भुकटी बसते. पावसाळ्यात लॅकरवर पांढरट धुरकट पडदा चढतो. दिवाळीनंतरचे कोरडे, थंड दिवस रंगकामाचे.

पुढची पायरी विमान वापरातलं दिसावं यासाठीची. चकचकीत वार्निशवर पातळ केलेला तपकिरी तैलरंग सोडला की तो जोडांच्या रेषांत उतरतो. मग इंजिनाची काजळी, तेलाचे ओघळ, पाय पडून झिजलेला रंग. इथे मॉडेलकाराचा हात थांबतो. काजळी कुठे लावायची? त्यासाठी धूर कुठून निघतो ते माहीत पाहिजे. ओघळ कोणत्या दिशेने काढायचा? त्यासाठी विमान कोणत्या दिशेने उडतं ते माहीत पाहिजे. ज्या विमानावर डाग कुठे पडेल हे सांगता येत नाही, त्याचा अजून पुरता विचार झालेला नाही.

चुकलेलं भाकीत

पूर्ण विचार करून केलेली कल्पनाही चुकते, आणि तीही शिकवते. अमेरिकेत टेस्टर्स कंपनीने १९८६मध्ये ‘एफ-१९’ नावाच्या अदृश्य लढाऊ विमानाचा १:४८ मापातला संच बाजारात आणला. असं विमान अस्तित्वात नव्हतं. रडारला चकवणारं काहीतरी गुपचूप उडतंय, या कुजबुजीवरून जॉन अँड्र्यूज यांनी ते कल्पलं होतं. संच धडाधड खपला आणि त्याची चर्चा अमेरिकी काँग्रेसपर्यंत पोचली. नोव्हेंबर १९८८मध्ये खरं विमान, एफ-११७, जगासमोर आलं. मॉडेल गोलाईदार होतं, खरं विमान सपाट पैलूंचं. १९७०च्या दशकातल्या संगणकांना सपाट पृष्ठभागावरून परतणाऱ्या रडारलहरींचंच गणित झेपत होतं, म्हणून ते तसं झालं. अँड्र्यूज यांचं तत्त्व बरोबर होतं, त्या काळच्या गणिताची मर्यादा त्यांना ठाऊक नव्हती.

छोटं उडतं, मोठं पडतं

महाराष्ट्रात या विषयाचं नाव शिवकर बापूजी तळपदे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेशी संबंध असलेल्या या माणसाचं ‘मरुत्सखा’ १८९५मध्ये गिरगाव चौपाटीवर उडालं, अशी कथा सांगितली जाते. तिला समकालीन भक्कम पुरावा नाही. १९७४च्या अभ्यासात नोंद आहे ती अशी, की तळपद्यांनी शास्त्रींच्या मार्गदर्शनाखाली मॉडेलं करून पाहिली आणि ती उडाली नाहीत. माझ्या दृष्टीने ही नोंद तळपद्यांचा मान वाढवणारी आहे. श्लोकावर विश्वास ठेवून ते थांबले नाहीत, त्यांनी करून पाहिलं.

त्याच काळात अमेरिकेत सॅम्युअल लँगली यांचं वाफेवर चालणारं मानवरहित मॉडेल ६ मे १८९६ रोजी पोटोमॅक नदीवर सुमारे एक किलोमीटर उडालं. माणूस बसेल एवढं मोठं विमान त्यांनी १९०३मध्ये केलं, आणि ते ऑक्टोबर-डिसेंबरात दोनदा नदीत कोसळलं. कारण गणितात आहे. रुक्मचं १:७२ मॉडेल त्याच आकारात, त्याच लाकडात पूर्ण मोठं केलं तर पृष्ठभाग ५,१८४ पट होतो आणि वजन ३,७३,२४८ पट. लाकडाच्या छेदाची ताकद पृष्ठभागाच्या हिशेबाने वाढते, भार घनाच्या हिशेबाने. म्हणून मॉडेल उडालं तरी मोठं विमान उडेलच असं नाही. मधल्या प्रत्येक टप्प्यावर पुन्हा मोजावं लागतं.

फुलसावंगी

आपल्या जिल्ह्यात हे गणित जिवावर बेतलं. महागाव तालुक्यातल्या फुलसावंगीच्या एका तरुण वेल्डरने गाडीचं इंजिन वापरून स्वतः हेलिकॉप्टर बांधलं. ऑगस्ट २०२१मध्ये चाचणी घेताना पातं तुटलं आणि डोक्याला मार लागून तो गेला. शाळा अर्धवट सुटलेली, हातात कसब आणि डोक्यात आकाश. त्याच्याबद्दल हळहळ खूप झाली. पण फिरणाऱ्या पात्यावर किती ताण येतो, हे त्याला कुणी वेळेत दाखवलं होतं का? फिरण्याचा वेग दुप्पट झाला की पात्याच्या मुळाशी ओढ चौपट होते. हे टेबलावरच्या हातभर मॉडेलवर, जाळीच्या आड, साध्या वजनकाट्याने दाखवता येतं.

स्वतःच्या हाताने विमान बांधणं अशक्य नाही. कांदिवलीच्या गच्चीवर अमोल यादव यांनी बांधलेलं सहा आसनी विमान २०१६च्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात मांडलं गेलं आणि २०१७मध्ये त्याची रीतसर नोंदणी झाली. पण यादव स्वतः वैमानिक होते. फुलसावंगीच्या पोराला ती वाट मिळाली नाही.

ती वाट जिल्ह्यातच तयार करता येईल. एनसीसीच्या हवाई शाखेत एरोमॉडेलिंग शिकवतात. २०१६पासून शाळांमध्ये अटल टिंकरिंग लॅब आल्या. तालुक्यांत आयटीआय आहेत, तिथे लेथ आहे, वेल्डिंग आहे, शिकवणारे आहेत. शेजारी लाकूड जाणणारे सुतार आहेत. या सगळ्यांना जोडणारं एकच टेबल लागतं. शाळा सुटलेल्या पोरानेही तिथे मनातलं विमान घेऊन यावं, आधी ते १:७२मध्ये करावं, मग हातभर उडवून पाहावं, आणि प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी जाणत्याने त्याला विचारावं: काजळी कुठे पडणार? भार कुठे येणार? एवढ्या प्रश्नांची उत्तरं देता आली, तरच पुढच्या मापाकडे जावं. असं टेबल फुलसावंगीत असतं, तर त्या पोराचं पहिलं पातं तिथेच, जाळीच्या आड तुटलं असतं, आणि दुसरं त्याने अधिक बळकट केलं असतं. प्रत्येक तालुक्याच्या आयटीआयमध्ये असं एक टेबल मांडणं, एवढं तरी हा जिल्हा त्याचं देणं लागतो.