सॅन स्टॉर्म
सॅन स्टॉर्म ही सॅन मोटर्सने गोव्यात तयार केलेली, उघडता येणाऱ्या छताची दोन आसनी स्पोर्ट्स कार होती. ती १९९० च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आली. फायबरग्लासची बॉडी व रेनॉ कंपनीचे सुमारे १.२ लिटरचे इंजिन यांमुळे ती परदेशी स्पोर्ट्स कारपेक्षा पुष्कळ स्वस्त होती. तरीही तिला ग्राहक थोडेच मिळाले. मध्यमवर्गीय कुटुंबात बहुधा एकच मोटार घेतली जाई आणि तीत सर्व कुटुंब मावणे आवश्यक असे. टाटा इंडिका व ह्युंदाई सँट्रो या १९९८ मध्ये आलेल्या पाच आसनी मोटारींनी ही गरज भागवली. हौसेखातर दुसरी मोटार घेऊ शकणाऱ्या श्रीमंतांना मात्र सुमारे ६० अश्वशक्ती अपुरी वाटे. माझदाच्या एमएक्स-५ या स्वस्त स्पोर्ट्स कारचे उत्पादन २०१६ पर्यंत १० लाखांवर गेले, पण त्यामागे जगभरची बाजारपेठ होती.