विज्ञानकथा आणि वावडी
(ध्वनिक्षेपित भाषण)



आज ज्या दोन गोष्टींविषयीं मी आपल्यापुढें बोलणार आहें, त्यांचा परस्परांशीं कांहीं संबंध असेल असें प्रथमदर्शनीं कोणासही वाटणार नाहीं. एक विज्ञानकथा आणि दुसरी वावडी, म्हणजे अफवा. पहिली पुस्तकाच्या पानांत नांदते. दुसरी चावडीवर, चहाच्या दुकानांत, एस्. टी.च्या थांब्यावर आणि आतां तर प्रत्येकाच्या खिशांतील मोबाईलवर. परंतु दोघींचें मूळ एकच आहे. जें अद्याप घडलेलें नाहीं, पण घडूं शकेल, त्याविषयीं मनुष्यास वाटणारें कुतूहल आणि भय, हें तें मूळ होय. दोघी एका आईच्या लेकी. मात्र एक आपली ओळख सांगून घरांत येते आणि दुसरी ओळख लपवून येते. हा भेद ध्यानांत न घेतल्यामुळें माणसांचे प्राणही गेले आहेत. म्हणून हा विषय केवळ करमणुकीचा नाहीं.

आपल्या शिरूर-दौंड भागांतलेंच उदाहरण घेऊं. सन २०२४ च्या जून-जुलै महिन्यांत घोडनदीच्या कांठापासून भीमेच्या कांठापर्यंत एक बोलवा उठली, कीं रात्रीं आकाशांत ड्रोन फिरतात. ड्रोन म्हणजे दुरून चालविलें जाणारें लहानसें मनुष्यरहित विमान. शेतांत औषध फवारावयास, लग्नांत छायाचित्रें घ्यावयास, गांवठाणाची मोजणी करावयास तें वापरतात, हें आतां खेड्यांतल्या मुलांसही ठाऊक आहे. पण त्या दिवसांत त्याचा अर्थ निराळाच लागला. चोरांच्या टोळ्या आधीं ड्रोननें घरांची टेहळणी करतात आणि मागाहून दरोडा घालतात, असें बोललें जाऊं लागलें. वस्त्यांवरील लोक रात्र रात्र जागले. कित्येक ठिकाणीं तरुणांनीं गस्त घातली. पुढें हीच बोलवा बीड, जालना या जिल्ह्यांपर्यंत जाऊन पोंचली.

आकाशांत एकही ड्रोन नव्हतें, असें म्हणण्याचा माझा हेतु नाहीं. पण दिसणारा प्रत्येक दिवा ड्रोनचा नव्हे, आणि प्रत्येक ड्रोन चोराचें नव्हे, हा साधा विचार भयाच्या वेळीं मनांतून निघून जातो. लोहगांवच्या विमानतळाकडे येणारीं-जाणारीं विमानें, पृथ्वीभोंवतीं फिरणारे कृत्रिम उपग्रह, ढगांच्या फटींतून डोकावणारा एखादा तेजस्वी ग्रह, असे कितीतरी दिवे आपल्या डोक्यावर नित्य असतात. ढग धांवत असले म्हणजे त्यांमागचा स्थिर तारा धांवतांना दिसतो, हा अनुभव तर लहानपणीं आपण सर्वांनींच घेतलेला आहे.

याहूनही नवलाची एक गोष्ट सांगतों. मुझफर शेरीफ नांवाच्या मानसशास्त्रज्ञानें १९३५ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. मिट्ट काळोखाच्या खोलींत त्यानें एक बारीकसा दिवा ठेविला. दिवा मुळींच हालत नव्हता. तरी पाहणाऱ्या प्रत्येकास तो हालतांना दिसला, कारण काळोखांत डोळ्याला स्थिर असा दुसरा आधार नसतो. तो किती हालला, याचें प्रत्येकाचें उत्तर प्रथम वेगवेगळें होतें. मग त्यानें तीच माणसें एकत्र बसविलीं. तेव्हां एकमेकांचें ऐकून त्यांचीं उत्तरें हळूहळू जवळ आलीं! म्हणजे न हाललेल्या दिव्याच्या हालचालीबद्दल साऱ्या मंडळीचें एकमत झालें. रात्रीं वस्तीच्या अंगणांत दहा माणसें एकाच दिव्याकडे पाहूं लागलीं, म्हणजे याहून वेगळें काय होणार? 'आम्हीं दहा जणांनीं पाहिलें' या वाक्यांत एकाची साक्ष आणि नऊ जणांची मान्यता एवढेंच पुष्कळदां असतें.

आतां विज्ञानकथेकडे वळूं. मराठीला ती नवी नाहीं. ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाच्या अद्भुत प्रवासकथा भा. रा. भागवतांनीं मराठी मुलांच्या हातीं दिल्या. १९६६ सालीं मुंबईस मराठी विज्ञान परिषदेची स्थापना झाली व पुढें परिषदेनें विज्ञानकथांच्या स्पर्धा भरविल्या. १९७४ सालच्या स्पर्धेंत 'कृष्णविवर' या कथेस पहिलें पारितोषिक मिळालें. लेखकाचें नांव होतें नारायण विनायक जगताप. हे जगताप म्हणजे प्रत्यक्षांत प्रख्यात खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत विष्णु नारळीकर! आपल्या नांवाचीं आद्याक्षरें उलट क्रमानें मांडून त्यांनीं हें टोपणनांव घेतलें होतें. परीक्षकांनीं कथेकडे पाहावें, लेखकाच्या कीर्तीकडे पाहूं नये, एवढाच त्यांतला उद्देश. पुढें २०२१ सालीं नाशिकच्या साहित्यसंमेलनाचें अध्यक्षपद त्यांच्याकडे आलें, तेव्हां विज्ञानकथेला साहित्याच्या पंक्तींत मानाचें पान मिळाल्यासारखें वाचकांस वाटलें. २० मे २०२५ रोजीं पुणें येथें त्यांचें देहावसान झालें.

या हकीकतींतील मौज पाहा. लेखकानें येथें आपलें नांव लपविलें. पण कथेनें आपलें कथापण लपविलें नाहीं. ती कथा म्हणूनच आली आणि कथा म्हणूनच वाचली गेली. यामुळें तिच्या वाचकांना एक चांगली संवय लागते. विज्ञानकथेच्या चाहत्यांचा आवडता उद्योग कोणता म्हणाल, तर कथेंतील उणें शोधणें! चंद्रावर वाऱ्यानें निशाण फडकलें असें लेखकानें लिहिलें, कीं हे लगेच विचारणार, 'चंद्रावर हवाच नाहीं, तर वारा आला कोठून?' अंतराळांत स्फोटाचा आवाज ऐकूं आला, कीं यांची दुसरी हरकत तयार. आपल्या आवडत्या लेखकालाही ते सोडीत नाहींत. 'असें झालें तर काय होईल?' ही कल्पना ते मोकळ्या मनानें मान्य करतात. पण त्यापुढची प्रत्येक पायरी तपासून घेतात. वावडी ऐकणारा मनुष्य नेमकें याच्या उलट करतो. तो कल्पना ही कल्पना आहे असें मानीत नाहीं, आणि पुढची एकही पायरी तपाशीत नाहीं.

कथा आणि वावडी यांमधील कुंपण किती ठेंगणें आहे, हें दाखविणारा एक प्रसंग नभोवाणीच्याच इतिहासांत घडला आहे. ३० ऑक्टोबर १९३८ च्या रात्रीं अमेरिकेंत ऑर्सन वेल्स यानें एच्. जी. वेल्सच्या कादंबरीवरून रचलेलें एक श्रुतिनाट्य सादर केलें. मंगळावरील प्राण्यांनीं पृथ्वीवर स्वारी केली आहे, अशा बातम्या त्यांत खऱ्या वार्तांच्या थाटांत दिल्या होत्या. हें नाटक आहे, असें आरंभींच सांगितलें होतें. परंतु कांहीं श्रोते दुसरा कार्यक्रम ऐकून मागाहून आले. त्यांच्या कानांवर तो खुलासा पडलाच नाहीं, आणि ते भ्याले. दुसऱ्या दिवशीं वृत्तपत्रांनीं सारा देश रस्त्यावर धांवत सुटल्याचीं वर्णनें छापलीं. पुढील अभ्यासकांनीं तपास केला तेव्हां तीं वर्णनें अतिशयोक्तीचीं ठरलीं. म्हणजे वावडीबद्दलचीच एक वावडी त्या दिवशीं जन्मास आली, आणि ती मूळ नाटकाहून दीर्घायुषी ठरली!

हा प्रसंग हंसून सोडून देतां येईल. पण पुढचा तसा सोडतां येणार नाहीं. २०१८ सालीं आपल्या देशांत मुलें पळविणाऱ्या टोळ्यांची आवई व्हॉट्सॲपवरून पसरली. त्या वेळीं फिरणाऱ्या चित्रफितींपैकीं एक मूळची पाकिस्तानांतील कराचीची होती. मुलांच्या सुरक्षिततेविषयीं लोकांना सावध करण्यासाठीं तयार केलेलें तें एक लहानसें नाट्य होतें. मोटारसायकलवरील माणूस मूल उचलतो, मग तें परत आणून सोडतो, आणि मूल पळविणें किती सोपें आहे पाहा, असा बोध शेवटीं फलकावर दाखवितो. कोणीतरी हा शेवट कापून टाकला. कथेचें नांव-गांव पुसलें गेलें, आणि उरली ती वावडी.

त्याच वातावरणांत १ जुलै २०१८ रोजीं धुळें जिल्ह्यांतील राईनपाडा येथें, आठवड्याच्या बाजाराच्या दिवशीं, भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पांच पुरुषांना मुलें पळविणारे समजून जमावानें ठार मारलें. त्यांनीं कोणाचेंही मूल पळविलें नव्हतें. ते परके होते, गरीब होते आणि त्यांची बाजू मांडणारा तेथें कोणी नव्हता, एवढाच त्यांचा अपराध. त्याच महिन्यांत, एक निरोप एका वेळीं पांचांहून अधिक ठिकाणीं पुढें धाडतां येऊं नये, अशी मर्यादा त्या कंपनीनें भारतापुरती घातली. यंत्राला मर्यादा घालतां आली. जिभेला ती आपली आपणच घालावी लागते.

वावडी एवढी बळावते कशानें? ऑलपोर्ट आणि पोस्टमन या दोघां मानसशास्त्रज्ञांनीं १९४७ सालीं याचें उत्तर एका गुणाकारानें दिलें. विषयाचें महत्त्व गुणिले माहितीची संदिग्धता, इतकें वावडीचें बळ. यांत बेरीज नसून गुणाकार आहे, हें लक्षांत घ्या. दोहोंपैकीं एक शून्य झालें, कीं सारेंच शून्य होतें. मुलाबाळांचें महत्त्व आपणांस शून्य करतां येणार नाहीं. पण संदिग्धता शून्याच्या जवळ नेणें आपल्या हातीं आहे. त्याआधींच, १५ जानेवारी १९३४ च्या बिहारमधील भूकंपानंतर उठलेल्या वावड्यांचा अभ्यास जमुना प्रसाद या भारतीय मानसशास्त्रज्ञानें केला होता. जेथें धक्के जाणवले पण घरें पडलीं नाहींत, तेथेंही आणखी भयंकर संकट येणार असल्याच्या वार्ता फैलावल्या होत्या. यावरून पुढील विद्वानांनीं असा निष्कर्ष काढला, कीं अशा ठिकाणीं वावडीनें भय उत्पन्न होत नाहीं. भय आधींच मनांत असतें, आणि त्याला शोभेल असें कारण वावडी पुरविते.

आपल्या भागांत तें भय कां असूं नये? वस्त्या शेतांत विखुरलेल्या. पिकाला पाणी द्यावयास पुष्कळदां रात्रीं जावें लागतें. विहिरीवरच्या मोटारी आणि केबली चोरीस जातात. आणि शिरूर तालुक्याच्या उसांत बिबट्या आहे, ही कल्पना नव्हे. त्यानें माणसें मारलेलीं आहेत. येथेंच वावडीचा सर्वांत मोठा अपकार दिसतो. बिबट्याचीं बनावट चित्रें आज घरबसल्या यंत्राकडून तयार करून घेतां येतात. तशीं चित्रें चार वेळां आलीं व चारही वेळां खोटीं ठरलीं, तर पांचव्या वेळची खरी सूचना कोण ऐकणार? 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट शाळेंत पिढ्यान् पिढ्या शिकविली गेली. फरक इतकाच, कीं आतां हांक मारणारा पोर दिसत नाहीं. दौंडच्या जंक्शनवर रोज शेंकडों अनोळखी माणसें उतरतात. साखर कारखान्यांच्या हंगामांत ऊसतोड मजुरांचीं बिऱ्हाडें बाहेरून येऊन उघड्या रानांत कोपी बांधून राहतात. वावडीचा घाव प्रथम पडतो तो यांच्यावर.

तेव्हां करावें काय? विज्ञानकथेचा चाहता कथेला जे प्रश्न विचारतो, तेच आपण वार्तेला विचारावे. हें कोणीं स्वतः पाहिलें? कोठें आणि कोणत्या दिवशीं? जें पाहिलें तें किती, आणि त्यावरून ताडलें तें किती? याचा आरंभ अथवा शेवट कोणीं कापलेला तर नाहीं? उत्तर मिळालें नाहीं, तर निरोप आपल्यापाशींच थांबवावा. बिबट्या दिसला तर वनखात्यास, संशय आला तर पोलीसपाटलास अगर ठाण्यास कळवावें. गटावर टाकणें म्हणजे कळविणें नव्हे. आणि परक्या माणसाबद्दल शंका आलीच, तर त्याला पाणी देऊन त्याचें गांव विचारावें. आपल्या वाडवडिलांची रीत हीच होती, आणि तींत सावधपणाही पुष्कळ होता. कारण पाणी पितांना मनुष्य बोलतो, आणि बोलला म्हणजे संदिग्धता कमी होते.

कल्पनेला कोंडून ठेवा, असें मी म्हणत नाहीं. मुलांना विज्ञानकथा अवश्य वाचावयास द्या. मंगळावरच्या स्वाऱ्या त्यांना खुशाल करूं द्या. जें मूल 'ही कथा आहे' हें जाणून तिच्यांत रमतें आणि तरीही तिच्यांतलें उणें हुडकतें, तें मोठेपणीं वावडीला सहसा बळी पडणार नाहीं. आज रात्रीं आकाशांत एखादा दिवा दिसला, तर मुलाला अंगणांत न्या, घराच्या कौलाची कड अगर झाडाची फांदी खूण म्हणून धरा, आणि दिवा खरोखरच हालतो आहे कीं काय, हें त्यालाच पाहूं द्या.