ग्रेट झिंबाब्वे: इतिहास नाकारण्याचा इतिहास

नगर कोणाचं?

झिंबाब्वेतल्या मास्विंगो शहराजवळ सुमारे ७२० हेक्टरांवर ग्रेट झिंबाब्वे या जुन्या नगराचे अवशेष आहेत. ग्रॅनाइटचे दगड चुन्याशिवाय एकावर एक रचून इथल्या भिंती उभारल्या. मोठ्या कोटाची भिंत काही ठिकाणी ११ मीटर उंच आहे. अकराव्या ते पंधराव्या शतकांत हे नगर शोना लोकांच्या पूर्वजांनी वसवलं. गुरं आणि सोन्याचा व्यापार यांवर ते पोसलं गेलं. चिनी भांड्यांचे तुकडे आणि भारतातून समुद्रमार्गे गेलेले काचमणी इथे सापडले आहेत.

शेबाच्या राणीची कथा

१८७१ मध्ये जर्मन प्रवासी कार्ल माउख इथे पोचला. तिथल्या लाकडाचा वास त्याला आपल्या पेन्सिलीसारखा वाटला. तेवढ्यावरून त्याने ते बाहेरून आणलेलं लेबनॉनचं देवदार ठरवलं आणि नगर बायबलमधल्या शेबाच्या राणीशी जोडलं. पुढे हा प्रदेश ताब्यात घेणाऱ्या ब्रिटिश साम्राज्यवादी सेसिल ऱ्होड्सच्या कंपनीला हे सोयीचं होतं. हे वैभव बाहेरच्यांनी उभारलं असं ठरलं, की आफ्रिकी माणसाचा आपल्याच भूमीवरचा दावा दुबळा करता येत होता.

पुरावाच उपसला

१९०२ मध्ये रिचर्ड हॉल या पत्रकाराला अवशेषांची देखरेख सोपवली गेली. त्याने आफ्रिकी वस्तीचे थर कचरा समजून उपसून टाकले. मला हा अपराध खोट्या कथेहून मोठा वाटतो. कथा पुढे खोडता येते. पण थर मोडला, की कोणती वस्तू कशासोबत पडली होती हे कायमचं हरवतं, आणि काळ ठरवायचा तो त्यावरूनच. तरीही १९०५ मध्ये डेव्हिड रँडल-मॅकायव्हर आणि १९२९ मध्ये गर्ट्रूड केटन-थॉम्पसन यांनी शिल्लक थर तपासून बांधकाम आफ्रिकीच असल्याचं दाखवलं.

सरकारी दडपण

१९६५ नंतर, देश ऱ्होडेशिया म्हणून ओळखला जात असताना, इयन स्मिथच्या गोऱ्या सरकारने हा निष्कर्ष ठामपणे मांडला जाऊ नये म्हणून दबाव आणला. याच वादातून पुरातत्त्वज्ञ पीटर गार्लेक यांनी १९७० मध्ये देश सोडला.

स्वातंत्र्यानंतर

१९८० मध्ये स्वतंत्र देशाने याच नगराचं नाव घेतलं. तिथे सापडलेला दगडी पक्षी नव्या ध्वजावर आला. हा न्यायच होता. पण नेमान्वा, चारुंबिरा आणि मुगाबे या आसपासच्या कुळांचं या जागेशी पूर्वजांचं नातं आहे, आणि राष्ट्रीय स्मारकाच्या कारभारात त्यांचा शब्द दुय्यमच राहिला. त्यांना तिथे बरोबरीची जागा मिळेपर्यंत तो न्याय अपुरा आहे.