तरुणांच्या लैंगिक धारणांचे संशोधन आणि प्रश्नांची भाषा

प्रजनन-आरोग्याचा विचार आपल्याकडे दीर्घकाळ स्त्रियांपुरताच मर्यादित राहिला. १९९४ साली कैरो येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या व विकास परिषदेने पुरुषांच्या जबाबदारीवर भर दिला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात मात्र पुरुषांच्या देशव्यापी मुलाखती २००५-०६ च्या तिसऱ्या फेरीतच प्रथम घेण्यात आल्या.

अशा संशोधनातील पहिली अडचण भाषेची असते. या विषयाचे संस्कृतप्रचुर शब्द तरुणांना परके वाटतात, तर बोलीतील बरेचसे शब्द शिवीच्या वळणाचे असतात. काही शब्दांत तर निवाडा आधीच दडलेला असतो. झोपेत होणारे वीर्यस्खलन ही वयात येताना घडणारी स्वाभाविक क्रिया. परंतु ‘स्वप्नदोष’ या नावातच दोष आहे. हा शब्द वापरून प्रश्न विचारला, की उत्तर देणारा स्वतःला रोगी ठरवूनच उत्तर देतो. वीर्यनाशाच्या या भीतीतून उद्‌भवणाऱ्या तक्रारींना मानसोपचारतज्ज्ञ डॉ. नरेंद्र विग यांनी १९६० साली ‘धात’ विकार असे नाव दिले. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी ‘समाजस्वास्थ्य’ (१९२७-१९५३) मासिकातून अशा शंकांना शास्त्रीय उत्तरे दिली व त्यापायी खटलेही सोसले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते.

दुसरी अडचण गोपनीयतेची. मुंबईची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आणि पॉप्युलेशन कौन्सिल यांनी २००६ ते २००८ या काळात महाराष्ट्रासह सहा राज्यांत तरुणांची पाहणी केली. समोरासमोरच्या मुलाखतीअखेर प्रत्येकास एक कार्ड देण्यात येई. विवाहपूर्व संबंधांविषयीचे उत्तर त्यावर नोंदवून ते त्याने स्वतः लिफाफ्यात बंद करावयाचे होते. दोन्ही मार्गांनी मिळालेली उत्तरे एकत्र करता सुमारे १५ टक्के तरुणांनी व ४ टक्के तरुणींनी असे संबंध मान्य केले. ही तफावत केवळ वर्तनातील नव्हे. पुरुषाला फुशारकीची मुभा आणि स्त्रीला बदनामीचे भय, याचेही प्रतिबिंब तीत असू शकते.

म्हणूनच गुणात्मक अभ्यास महत्त्वाचे ठरतात. लीना अब्राहम यांनी मुंबईतील महाविद्यालयीन युवकांचा अभ्यास (२००२) त्यांच्याच शब्दांच्या आधारे मांडला. ‘भाई-बहन’, ‘ट्रू लव्ह’ आणि ‘टाइमपास’ ही नात्यांची वर्गवारी तरुणांची स्वतःची होती. ‘टाइमपास’ या शब्दात संबंधांचे तात्पुरतेपण गृहीत धरलेले आहे. अशा नात्यात जोडीदाराच्या आरोग्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न त्या शब्दानेच बाजूला पडतो.

या जबाबदारीचे आजचे वाटप स्पष्ट आहे. २०१९-२१ च्या सर्वेक्षणानुसार देशातील विवाहित जोडप्यांत स्त्री-नसबंदीचे प्रमाण ३७.९ टक्के, तर पुरुष-नसबंदीचे अवघे ०.३ टक्के आढळले. या आकड्यांमागील धारणा विवाहापूर्वीच, तारुण्यात घडतात. त्या जाणून घ्यावयाच्या असतील, तर प्रश्नावलीतील प्रत्येक शब्द आधी तपासून घेणे ही संशोधनाची पूर्वअट होय.