ब्रेकच्या काट्यावर पारखायचा सिम्युलेटर

संगणकावर रेल्वेगाडी चालवण्याचा अनुभव देणाऱ्या खेळाला ट्रेन सिम्युलेटर म्हणतात. त्याची नवी आवृत्ती घेताना बहुतेक हौशी मंडळी आधी पडद्यावरचे चित्र पाहतात. परंतु सोलापूर-मुंबई मार्गावरची गाडी घरबसल्या चालवू पाहणाऱ्याने त्याआधी दोन गोष्टी तपासाव्यात. ब्रेकच्या नळीतील दाब दाखवणारा काटा खऱ्या इंजिनातल्यासारखा हलतो का, ही पहिली; आणि वर्षानुवर्षे जमवलेली भारतीय इंजिने, डबे व मार्ग नव्या खेळात उघडतात का, ही दुसरी.

पूर्वेतिहास थोडक्यात असा. मायक्रोसॉफ्टचा ट्रेन सिम्युलेटर २००१ मध्ये आला. तो क्यूजू या ब्रिटिश कंपनीने घडवला होता आणि त्यात सहा मार्ग होते. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातील ऑरन कंपनीचा ट्रेन्झ निघाला. मायक्रोसॉफ्टची दुसरी आवृत्ती दोनदा जाहीर होऊनही बाजारात आली नाही. क्यूजूने २००७ मध्ये रेल सिम्युलेटर काढला, त्यातूनच पुढे डव्हटेल गेम्सचा ट्रेन सिम्युलेटर क्लासिक उभा राहिला, आणि २०१७ पासून त्याच कंपनीचा ट्रेन सिम वर्ल्ड चालू आहे.

मायक्रोसॉफ्टच्या खेळासोबत मार्ग बांधण्याची व प्रवासाचे प्रसंग रचण्याची साधने दिलेली असल्यामुळे भारतीय हौशींनी डब्ल्यूडीएम-२, डब्ल्यूएपी-४ यांसारखी इंजिने आणि आयसीएफचे निळे डबे त्यासाठी स्वतः तयार केले. हा साठा ट्रेन्झमध्ये किंवा डव्हटेलच्या खेळांत थेट चालत नाही. ओपन रेल्स मात्र तो जुन्या फोल्डरमधून जसाच्या तसा वाचतो. ओपन रेल्स ही विनामूल्य प्रणाली स्वयंसेवकांनी लिहिलेली असून तिचा स्रोत सर्वांसाठी खुला आहे. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादरी-टॉवेलच्या कारखान्यात हिशेबासाठी घेतलेला, स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसलेला संगणक हाताशी असेल, तर त्यावर ट्रेन सिम वर्ल्डचा हट्ट धरणे व्यर्थ आहे. ओपन रेल्स मात्र चित्राची प्रत थोडी उतरवल्यास त्यावर समाधानकारक चालू शकतो. डव्हटेलच्या नव्या खेळाची केबिन आणि प्रकाशयोजना देखणी आहे यात शंका नाही, पण त्याचा मुख्य भर ब्रिटन, जर्मनी आणि अमेरिका येथील मार्गांवर आहे, आणि कुर्डुवाडीचा फलाट ज्याला पडद्यावर पाहायचा आहे त्याची भूक त्याने भागत नाही.

आता ब्रेकचा विषय, जो खरोखर खोल आहे. भारतीय गाड्यांत पूर्वी निर्वात, म्हणजे व्हॅक्यूम ब्रेक असत. इंजिन नळीतील हवा ओढून घेऊन ५३ सेंटिमीटर पाऱ्याइतकी निर्वात अवस्था राखत असे आणि नळीत हवा शिरू दिली की ब्रेक लागत. वातावरणाच्या दाबापलीकडे जोर मिळणे शक्य नसल्यामुळे लांब व जड गाड्यांना ही पद्धत अपुरी पडली आणि एअर ब्रेक आले. त्यांत मुख्य नळीत दर चौरस सेंटिमीटरला ५ किलोचा दाब असतो, तो उतरवला की प्रत्येक डब्याखालच्या टाकीतील हवा ब्रेक दाबते. आणि ६ किलो दाबाची दुसरी, फीड पाइप नावाची नळी त्या टाक्या भरलेल्या ठेवते. अमेरिकी गाडीत मात्र नळीचा दाब सुमारे ९० पीएसआय, म्हणजे दर चौरस इंचाला ९० पौंड असतो, तर आपला ५ किलोचा दाब त्या मापात ७१ भरतो.

अनेक जुन्या भारतीय इंजिनांच्या फायलींत अमेरिकी ब्रेकची मूल्ये उचलून घातलेली आढळतात, आणि तेथे फरक केवळ आकड्याचा राहत नाही. अमेरिकी मालगाडीत नळीचा दाब थोडा वाढवला की ब्रेक पूर्ण सुटतात, तर भारतीय डब्यांत ते टप्प्याटप्प्याने सैल करता येतात. सोलापूरहून मुंबईकडे निघालेली सिद्धेश्वर एक्स्प्रेस लोणावळ्यानंतर बोरघाट उतरते, तेव्हा हा गुण नसलेल्या गाडीवर ताबा राखणे अवघड होते, कारण दर वेळी ब्रेक पूर्ण सोडून पुन्हा पहिल्यापासून लावावे लागतात. ओपन रेल्सच्या पर्यायांत टप्प्याटप्प्याने ब्रेक सोडण्याची सोय आहे. ती चालू करून फायलीतील दाब दुरुस्त केला की त्याच जुन्या गाडीचे वागणे पार बदलते. नवी आवृत्ती घेण्याचे सर्वांत मोठे सुख हेच, असे म्हणण्यास हरकत नाही.

चढणीची परीक्षाही घ्यावी. बोरघाटाचा चढ ३७ ला १ आहे, म्हणजे दर हजार टनांमागे सुमारे २७ टनांचा जोर गाडीला मागे खेचतो. इंजिनासह १२०० टनांच्या गाडीस तो ३२ टनांच्या पुढे जातो, तर डब्ल्यूएपी-७ या इंजिनाची कमाल ओढ सुमारे ३३ टन आहे. त्यात चाकांचा व वळणांचा विरोध मिळवला की हिशेब जुळत नाही, म्हणून कर्जतला मागून ढकलणारी बँकर इंजिने लावतात. पडद्यावर एकटे इंजिन अशी गाडी सहज वर नेत असेल, तर फायलीतील ओढ फुगवलेली आहे किंवा चाक व रुळांमधील पकडीची, म्हणजे ॲडहीजनची, गणना साध्या पद्धतीवर ठेवलेली आहे, हे ओळखावे.

मार्ग बांधण्याची आवड असणाऱ्यास सोलापूर जिल्ह्यात एक अनमोल विषय पडून आहे, तो म्हणजे बार्शी लाइट रेल्वे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने आखलेल्या अडीच फुटी रुळांच्या या मार्गाचा पहिला टप्पा १८९७ मध्ये खुला झाला आणि पुढे तो कुर्डुवाडीवरून एकीकडे लातूरला व दुसरीकडे मिरजेला पोचला. आता तेथे रुंद रूळ असल्याने मूळ रूप चालत्या स्थितीत पाहण्यासाठी सिम्युलेटरइतके सोयीचे साधन नाही.

जुना साठा ओपन रेल्समध्ये नेताना जुने फोल्डर आधी दुसऱ्या डिस्कवर उतरवून ठेवावे. रुळांच्या तुकड्यांची मापे ज्या एका सामाईक फायलीत असतात, तिची जुनी प्रत नव्या मार्गाखाली आली की मार्ग उघडतच नाही किंवा रूळ तुटलेले दिसतात. त्यामुळे प्रत्येक मोठा मार्ग स्वतंत्र फोल्डरमध्ये ठेवून ओपन रेल्सला ती ठिकाणे वेगवेगळी दाखवणे उत्तम. १० फेब्रुवारी २०२३ रोजी सुरू झालेली मुंबई-सोलापूर वंदे भारत तयार करायची असेल, तर आणखी एक काळजी घ्यावी लागते: ही गाडी बँकरशिवाय घाट चढते, कारण तिची ओढ एका इंजिनात नसून निम्म्या डब्यांखालच्या मोटारींत विभागलेली आहे, आणि म्हणून सगळी शक्ती पहिल्या डब्यात न भरता प्रत्येक मोटार डब्याची स्वतंत्र इंजिन-फाइल लिहावी लागते.